निषेध, तोडफोड आणि ‘आगळीक’

प्रश्न : एका लेखाचे मराठीकरण करताना अडलो आहे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून काही हवामान-कार्यकर्ते मोठ्या मोटारींच्या टायरच्या व्हॉल्व्हमध्ये डाळीचा दाणा अडकवून हवा सोडून देऊ लागले. काच फुटत नाही, पत्रा चेपत नाही. याला ‘तोडफोड’ म्हणावे, की ‘निषेध’ पुरे?

उत्तर १ : ‘तोडफोड’ येथे बसणार नाही, कारण तोडणे आणि फोडणे ही दोन्ही क्रियापदे डोळ्यांना दिसणारी मोड मागतात. आमच्या नाशिकच्या सिडकोत रात्री रांगेने उभ्या गाड्यांच्या काचा फुटल्या की ‘वाहनांची तोडफोड’ हा मथळा शोभतो. चावीने ओढलेली रेघ मात्र ओरखडाच, आणि रंग ओतला तर ते विद्रूप करणे.

कायद्याच्या मराठीत या सर्वांना मिळून एकच शब्द आहे : आगळीक. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ४२५ च्या मराठी पाठात तो योजलेला आहे. ‘काही आगळीक झाली असल्यास क्षमा असावी’ असे आपण पत्राच्या शेवटी लिहितो, त्यामुळे गुन्ह्याचे हे नाव प्रथम वाचताना हसू येते. कायद्यात मात्र दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने, किंवा ते होईल हे ठाऊक असूनही, वस्तूचे मोल वा उपयुक्तता घटवणे म्हणजे आगळीक, आणि हवा गेलेली गाडी सकाळी निरुपयोगीच असते. १ जुलै २०२४ पासून या गुन्ह्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ ने घेतली असून नुकसान एक लाख रुपये किंवा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उत्तर २ : ‘निषेध’ या शब्दाचा मूळ अर्थ मनाई, ‘विधिनिषेध’ यात तोच आहे. गंमत अशी की गाडी फोडून निषेध नोंदवणाऱ्याबद्दल आपण ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ असे म्हणतो.

राग सरकारवर होता, गाडीमालकावर नव्हता, हा बचाव कायद्यात चालत नाही. मालकाचेच नुकसान करण्याचा हेतू असावा अशी अट तेथे नाही. नीतीच्या दृष्टीनेही तो मला लंगडाच वाटतो. अमेरिकेत २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्या टेस्ला कंपनीच्या गाड्यांवर राग निघू लागला, तेव्हा ‘मस्क यांचे हे रूप कळण्यापूर्वी घेतलेली गाडी’ अशा अर्थाचे स्टिकर मालकांनीच लावले. एका बंदच्या दिवशी नाशकातल्या द्वारका चौकात आमच्या शेजाऱ्यांच्या टॅक्सीची मागची काच फुटली, तेव्हा सीटवर साबुदाण्यासारखे काचेचे दाणे पसरले होते. विमा केवळ थर्ड पार्टीचा असल्याने खर्च त्यांच्याच खिशातून गेला, आणि बंदची मागणी तर त्यांनाही मान्य होती. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात सत्याग्रहींनी झीज सोसली ती स्वतःची.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मथळ्यात ‘हवा सोडली’ एवढेच ठेवतो. मजकुरात ‘आगळीक’ वापरली, तर संपादक ती खोडी समजतील अशी भीती वाटते.