एव्हर्टनचा 2017-18 चा हंगाम: आठव्या क्रमांकाचे श्रेय नेमके कोणाचे?

गुडिसनप्रेमी:

नमस्कार. हंगामाच्या मध्यावर व्यवस्थापक बदलल्याने संघ खरोखर सावरतो का, या प्रश्नाचा विचार करताना मी नेहमी एव्हर्टन या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील लिव्हरपूलच्या फुटबॉल क्लबच्या 2017-18 च्या हंगामापाशी येऊन थांबतो आणि दर वेळी माझे उत्तर बदलते. म्हणून तो हंगाम येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

आदल्या वर्षी रोनाल्ड कूमन यांच्या मार्गदर्शनाखाली संघ 61 गुण मिळवून सातवा आला होता. त्या उन्हाळ्यात रोमेलू लुकाकू सुमारे साडेसात कोटी पाउंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला आणि तेव्हाचे प्रमुख भागधारक फरहाद मोशिरी यांच्या पाठबळावर जॉर्डन पिकफर्ड, मायकल कीन, डेव्ही क्लासेन, गिल्फी सिगुर्डसन अशी मोठी खरेदी झाली. शिवाय वेन रूनी तेरा वर्षांनी आपल्या जुन्या क्लबात परतला. त्यामुळे पहिल्या सहांत शिरण्याची भाषा सुरू झाली होती. प्रत्यक्षात 22 ऑक्टोबरला गुडिसन पार्क या तेव्हाच्या घरच्या मैदानावर आर्सेनलने 5-2 अशी धूळ चारली, तेव्हा एव्हर्टनचे नऊ सामन्यांत आठच गुण होते आणि संघ अठराव्या क्रमांकावर, म्हणजे अवनतीच्या (खालच्या विभागात ढकलल्या जाणाऱ्या तळाच्या तीन संघांच्या) पट्ट्यात होता. दुसऱ्याच दिवशी कूमन यांना दूर करण्यात आले. 23 वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक डेव्हिड अन्सवर्थ यांनी पाच आठवडे काळजीवाहू म्हणून काम पाहिले आणि 30 नोव्हेंबरला सॅम अॅलरडाइस यांची अठरा महिन्यांच्या करारावर नेमणूक झाली. मे महिन्यात एव्हर्टन 49 गुणांसह आठवा आला, आणि शेवटच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी अॅलरडाइस यांनाही निरोप देण्यात आला.

अठराव्या क्रमांकावरून आठव्या क्रमांकावर संघ नेणाऱ्या माणसाला घालवणे हा अन्याय होता, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. परंतु त्या काळातले सामने पुन्हा पाहताना ते मत डळमळते. संघ अॅलरडाइस यांच्यामुळे वर आला, की तो कोणाच्याही हाताखाली तेवढा वर आलाच असता?

तक्तेवाचक:

प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर सामन्यांच्या क्रमात दडलेले आहे. 49 गुण तिघांमध्ये असे विभागलेले आहेत: कूमन यांच्या नऊ सामन्यांत 8, अन्सवर्थ यांच्या पाच सामन्यांत 7 आणि अॅलरडाइस यांच्या चोवीस सामन्यांत 34. प्रति सामना सरासरी काढली तर कूमन यांचे 0.89, अन्सवर्थ यांचे 1.40 आणि अॅलरडाइस यांचे 1.42 गुण होतात. ज्या काळजीवाहू माणसाला ही जबाबदारी पेलणार नाही असे ठरवण्यात आले, त्याची लीगमधील सरासरी आणि त्याच्या जागी आणलेल्या अनुभवी माणसाची सरासरी यांत नावापुरताच फरक आहे. वेस्ट हॅमवरील 4-0 चा विजय, ज्यात रूनीने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून गोल करत हॅट्ट्रिक पूर्ण केली, तोही अन्सवर्थ यांच्याच खात्यात जातो. अॅलरडाइस त्या रात्री प्रेक्षागारात बसून सामना पाहत होते. त्या विजयानंतर संघ तेराव्या क्रमांकावर आला होता. म्हणजे अॅलरडाइस यांनी सूत्रे हाती घेतली ती तेराव्या क्रमांकावरच्या संघाची, अठराव्या नव्हे.

आता कूमन यांच्या वाट्याला आलेले नऊ प्रतिस्पर्धी पाहा. त्यांत मँचेस्टर सिटी, चेल्सी, टॉटनहॅम, मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल असे पाच संघ हंगामाअखेर पहिल्या सहांत आलेले होते, आणि त्यांपैकी चार सामने तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकापाठोपाठ एक आले. शिवाय युरोपा लीगच्या पात्रता फेरीमुळे संघाचा हंगाम जुलैतच सुरू झाला होता. पहिल्या सहांतील संघांविरुद्धचे सामने बाजूला काढले, तर कूमन यांनी उरलेल्या चार सामन्यांत 7 गुण मिळवले, अन्सवर्थ यांनी पाच सामन्यांत 7 आणि अॅलरडाइस यांनी सतरा सामन्यांत 31. ही सरासरी अनुक्रमे 1.75, 1.40 आणि 1.82 येते. चार सामन्यांवरून कोणताही मोठा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, तरीही ऑक्टोबरमध्ये जो संघ पूर्णपणे कोसळल्यासारखा दिसत होता, तो आपल्या तोलाच्या संघांविरुद्ध तेव्हाही साधारण तेवढेच गुण मिळवत होता, एवढे यातून नक्की दिसते.

बलाढ्य संघांविरुद्ध मात्र तिघांच्याही काळात चित्र एकच राहिले. बारा सामन्यांत एकही विजय नाही, चार बरोबऱ्या आणि आठ पराभव. जानेवारीत टॉटनहॅमने चार आणि फेब्रुवारीत आर्सेनलने पाच गोल चढवले, तेव्हा व्यवस्थापक अॅलरडाइस होते.

माझ्या मते संघ सुमारे 50 गुणांचाच होता. प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमामुळे तो आधी प्रमाणाबाहेर खाली गेलेला दिसला आणि नंतर आपल्या पातळीवर परत आला.

बचावफळी:

तक्तेवाचक यांची मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण ती एका गोष्टीला न्याय देत नाही. सरासरीच्या आकड्यात भीती दिसत नाही. एव्हर्टन 1954 पासून सलग सर्वोच्च विभागात खेळत आला आहे आणि ती परंपरा तुटण्याची शक्यता नोव्हेंबर 2017 मध्ये कोणालाही काल्पनिक वाटत नव्हती. अन्सवर्थ यांच्या लीगमधील सात गुणांबरोबर इतर स्पर्धांतले निकालही पाहावे लागतात. लीग कपमध्ये चेल्सीकडून, युरोपा लीगमध्ये ल्योनकडून 3-0 आणि अटलांटाकडून घरच्या मैदानावर 5-1 अशी हार झाली. त्याच आठवड्यात साउथॅम्प्टनने 4-1 असे हरवले. वॉटफर्डविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढत 3-2 असा विजय मिळाला खरा, परंतु त्या सामन्यात भरपाई वेळेत टॉम क्लेव्हर्लीने पेनल्टी बाहेर मारली नसती तर तो सामनाही बरोबरीत सुटला असता. ज्या पाच सामन्यांच्या सरासरीवर एवढा भर दिला गेला, ती इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळत होती.

अॅलरडाइस यांनी येताच केलेले काम साधे आणि तातडीचे होते. त्यांच्याआधीच्या चौदा लीग सामन्यांत संघाने 28 गोल खाल्ले होते, म्हणजे प्रत्येक सामन्यात सरासरी दोन. त्यांच्या पहिल्या सहा लीग सामन्यांत संघावर केवळ दोन गोल झाले आणि एकही पराभव झाला नाही. त्या सहांत लिव्हरपूल संघाच्या अॅनफिल्ड मैदानावरची 1-1 आणि चेल्सीविरुद्धची 0-0 ही बरोबरी होती, आणि न्यूकॅसलमध्ये त्या हंगामातला परक्या मैदानावरचा पहिला लीग विजयही मिळाला. डिसेंबर सरता सरता अवनतीची चर्चा थांबली होती. ज्या कामासाठी त्यांना बोलावले, ते काम त्यांनी महिनाभरात पूर्ण केले.

हिशेबाच्या वहीतही हे मोजावे. त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये क्रमांकाच्या प्रत्येक पायरीमागे बक्षीस रकमेत सुमारे 19 लाख पाउंडांचा फरक होता. आठव्या आणि पंधराव्या क्रमांकातले अंतर एका चांगल्या खेळाडूच्या किमतीएवढे भरते.

मर्सीकाठचा:

मी लिव्हरपूलच्या भागात राहतो आणि त्या हंगामातले काही सामने गुडिसनवर बसून पाहिले आहेत, म्हणून आकड्यांपलीकडचे थोडे लिहितो. बचावफळी यांचे डिसेंबरबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्या महिन्यात मैदानातून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव स्पष्ट दिसत होता. परंतु सुटका झाल्यानंतर पुढे काय, याचे उत्तर जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत कधीच मिळाले नाही. अॅलरडाइस यांच्या चोवीस सामन्यांत संघाने 27 गोल केले. चेंडू मागून उंच पुढे टाकायचा, उसळून सुटलेला चेंडू मिळाला तर मिळवायचा आणि एक गोलची आघाडी मिळाली की मागे सरकायचे, हा क्रम इतका ठरून गेला होता की सिगुर्डसनसारख्या पायात चेंडू हवा असणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावरून सामना जात असे.

परक्या मैदानांवरची कामगिरी तर फारच खालावलेली होती. एकोणीस सामन्यांत तीन विजय, तेही न्यूकॅसल, स्टोक आणि हडर्सफील्ड येथे. वॉटफर्ड, बर्नली अशा ठिकाणी पैसे आणि वेळ खर्चून जाणाऱ्या लोकांचा राग व्यक्तीवर नव्हता, त्या खेळावर होता. या क्लबने पिढ्यान् पिढ्या ‘सर्वोत्तमाखेरीज काहीही पुरेसे नाही’ या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य छातीवर मिरवले आहे आणि जुने लोक आजही साठच्या दशकातल्या देखण्या खेळाचे दाखले देतात. एप्रिलमध्ये क्लबने चाहत्यांना पाठवलेल्या प्रश्नावलीत अॅलरडाइस यांच्या कामाला शून्य ते दहा गुण देण्यास सांगितले गेले, ही गोष्ट मला तेव्हाही अनुचित वाटली आणि आजही वाटते, कारण पदावर असलेल्या माणसाची अशी जाहीर परीक्षा घेणे हे क्लबच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. पण ती प्रश्नावली निघाली याचाच अर्थ वरच्या मजल्यावरही निर्णय झालेला होता.

माझ्या दृष्टीने खरा दोष व्यवस्थापकांच्या आधीचा आहे. लुकाकूने आदल्या हंगामात लीगमध्ये 25 गोल केले होते. त्याच्या जागी आघाडीला उभा राहील असा एकही सिद्ध झालेला खेळाडू आला नाही. आर्सेनलचा ऑलिव्हिए जिरू येण्याची बोलणी झाली, पण ती फिसकटली. त्याऐवजी क्लासेन, सिगुर्डसन आणि रूनी हे तिघे आले आणि तिघांनाही आघाडीच्या मागची तीच एक जागा हवी होती. तिघेही वेगवान नव्हेत, त्यामुळे त्यांच्यापुढे धावणारा कोणी नव्हता आणि प्रतिस्पर्ध्यांचा बचाव निर्धास्तपणे पुढे सरकून उभा राहायचा. शेमस कोलमन पाय मोडल्यामुळे जानेवारीपर्यंत नव्हता. लेटन बेन्स जखमी झाल्यावर डाव्या बाजूला उजव्या पायाचा कुको मार्टिना खेळत होता. म्हणजे दोन्ही कडांवरून चढाई करणारे बचावपटूही नाहीत. अशा संघाला कूमन यांनी चेंडू ताब्यात ठेवून खेळवायचा प्रयत्न केला आणि अॅलरडाइस यांनी चेंडू सोडून देऊन. दोघांनाही गोल कमीच मिळाले. संघातर्फे लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू दहा गोलांसह रूनी होता आणि तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

गुडिसनप्रेमी:

सर्वांचे आभार. मर्सीकाठचा यांच्या म्हणण्यावर एक उपप्रश्न आहे. मूळ अडचण संघबांधणीची असेल, तर जानेवारीत आलेल्या थिओ वॉलकॉट आणि चेंक तोसून यांनी ती काही अंशी दूर केली नाही का? आणि अॅलरडाइस यांच्यानंतर व्यवस्थापक झालेल्या मार्को सिल्वा यांना क्लबने नोव्हेंबरमध्येच का आणले नाही?

मर्सीकाठचा:

काही अंशी, होय. वॉलकॉटने लेस्टरविरुद्ध दोन गोल करून आणि न्यूकॅसलविरुद्ध एकमेव गोल करून प्रत्यक्ष गुण मिळवून दिले, तोसूनने स्टोकमध्ये बर्फ पडत असताना दोन गोल करून सामना जिंकून दिला. वॉलकॉटकडे निदान वेग होता. सिल्वा यांच्यासाठी क्लबने प्रयत्न केला होता. ते वॉटफर्डमध्ये होते आणि वॉटफर्डने त्यांना सोडण्यास ठाम नकार दिला. तो नकार मिळाल्यावरच अॅलरडाइस यांच्याकडे गाडी वळली. जानेवारीत वॉटफर्डने सिल्वा यांना काढले, पण तोवर इथली जागा भरलेली होती. अखेर 31 मे 2018 रोजी ते आले.

तक्तेवाचक:

सिल्वा यांचा पहिला हंगाम या चर्चेला उपयोगी आहे. 2018-19 मध्येही एव्हर्टन आठवाच आला. गुण 49 चे 54 झाले. परंतु गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) उणे 14 वरून अधिक 8 वर गेला, आणि त्या वसंतात गुडिसनवर चेल्सी 2-0, आर्सेनल 1-0 व मँचेस्टर युनायटेड 4-0 असे तीन मोठे संघ हरले. आदल्या वर्षी पहिल्या सहांविरुद्ध बारा सामन्यांत एकही विजय नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून अॅलरडाइस यांना निरोप देण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. बचावफळी यांचा डिसेंबरमधील पहिल्या सहा सामन्यांचा मुद्दा मात्र मी स्वीकारतो. माझ्या चोवीस सामन्यांच्या सरासरीत तो बुडून गेला होता. त्या सहा सामन्यांत 12 गुण मिळाले आणि उरलेल्या अठरांत 22.

बचावफळी:

आपण ही फोड केली हे बरे झाले. 22 गुणांच्या त्या अठरा सामन्यांचे समर्थन मी करणार नाही. माझा आग्रह एवढाच की अठरा महिन्यांचा करार देणाऱ्यांनी तो देतानाच ओळखायला हवे होते की आपल्याला या माणसाची गरज मे महिन्यापर्यंतच आहे. आणि सिल्वा यांच्या नावाचा उल्लेख झाला आहे म्हणून नोंदवतो: डिसेंबर 2019 मध्ये अॅनफिल्डवर 5-2 असा पराभव झाल्यानंतर त्यांनाही काढण्यात आले, तेव्हा एव्हर्टन पुन्हा अठराव्या क्रमांकावर होता.