विवराची जन्मतारीख

'मंगळावरच्या विवरांचं (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्यांचं) वय फक्त विवरं मोजून (जितकी जास्त, तितकी जमीन जुनी), तेही लाखो वर्षांच्या फरकाने सांगता येतं' असं म्हणतात. जुन्या विवरांबाबत बरोबर आहे. पण काही नव्या विवरांची चक्क जन्मतारीख माहीत आहे! २४ डिसेंबर २०२१ ला मंगळावर उतरलेल्या नासाच्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकावर ४ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. आधी तो साधा भूकंप वाटला. पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या फोटोंत इनसाइटपासून सुमारे साडेतीन हजार किमीवर, अमेझॉनिस प्लॅनिशिया या मैदानात, १५० मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं; म्हणजे तो धक्का उल्केच्या आघाताचा होता. त्याच ऑर्बिटरवरचा हवामानाचा कॅमेरा रोज सगळा ग्रह टिपतो. त्यात आदल्या दिवशी नसलेला काळा डाग दुसऱ्या दिवशी दिसला. आघाताने वरची फिकट धूळ उडते, म्हणून हे डाग उठून दिसतात.

मला जास्त भारी वाटलं ते वेगळंच. विवराभोवती पांढरे तुकडे विखुरले होते, ते पाण्याचं बर्फ निघालं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, जेमतेम ३५ अंश उत्तरेला, जमिनीतलं बर्फ त्याआधी दिसलं नव्हतं. एवढा खड्डा आपल्याला खणायचा तर किती खर्च आला असता!