हॅमलिनचा 'कॉन्कॉर्ड': आइव्हजला एवढी सफाई मानवते का?

मंद्रसप्तक: पियानोवादक मार्क-आंद्रे हॅमलिनच्या २००४ च्या सीडीवर (हायपेरियन कंपनीची) दोन अमेरिकन रचनाकारांचे पियानो सोनाटे, म्हणजे अनेक भागांच्या रचना, आहेत: चार्ल्स आइव्हजचा 'कॉन्कॉर्ड' आणि सॅम्युअल बार्बरचा १९४९ चा. बार्बर अफलातून. आइव्हज मात्र नको तेवढा इस्त्रीचा वाटतो. 'कॉन्कॉर्ड'च्या 'हॉथॉर्न' या भागात बँड, स्तोत्रं, रॅगटाइम (जुनं ठेकेदार अमेरिकन संगीत) एकमेकांच्या अंगावर यायला हवेत. इथे सगळे रांगेत उभे. पावणेपंधरा इंचांची लाकडी पट्टी पियानोवर आपटायला सांगणाऱ्या माणसाचं संगीत आहे हे!

जुनी_तबकडी: आपटायला कुठे सांगितलंय? ती पट्टी अलगद दाबायची असते. तो सगळा भागच हळुवार आहे, वर धूसर स्वरपुंज आणि खाली चाल. दंगा म्हणजेच आइव्हज, हा समज त्याच्या नावाभोवतीच्या दंतकथांमुळे झालाय. हॅमलिनमुळे मला 'इमर्सन' या भागातले आतले आवाज पहिल्यांदा सुटे ऐकू आले. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचे ते चार स्वर कुठे कुठे दडवलेत ते बघा.

मंद्रसप्तक: पट्टीचं मान्य. पण सुटे आवाज आइव्हजला हवे होते का? १९२० च्या सुमारास स्वखर्चाने छापलेला सोनाटा तो पुढेही बदलत राहिला, सुधारित आवृत्ती आली १९४७ ला. त्याने स्वतः वाजवलेल्या 'इमर्सन'च्या तुकड्यांत छापील स्वरांशी सरळ फारकत आहे. हॅमलिन छापलेल्या पानाशी इमान राखतो, आइव्हज स्वतः राखत नव्हता.

पेडलवाला: मग पियानोवादक जॉन किर्कपॅट्रिक ऐका. १९३९ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये सोनाटा गाजवला तो त्यानेच. त्याचं १९४५ चं ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, पण पुढचा स्वर त्यालाही आत्ताच सुचतोय असं वाटतं.

जुनी_तबकडी: टाउन हॉलनंतर सगळेच भारावले नव्हते. रचनाकार एलियट कार्टरने तेव्हाच त्यावर कडक टीका लिहिली होती, आणि तो तर आइव्हजला तरुणपणापासून ओळखणारा. विस्कळीतपणाला दैवी मानायचं काही कारण नाही. आणि रचनाकार स्वतः मोकळं वाजवतो म्हणून दुसऱ्यानेही तसंच वाजवावं, हे कुठलं तर्कशास्त्र? उत्स्फूर्ततेची नक्कल त्याहून वाईट.

पेडलवाला: नक्कल कोण म्हणतंय? हॅमलिनला अडचण कशी ती येतच नाही, एवढीच माझी तक्रार. बार्बरच्या शेवटच्या फ्यूगला (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक येणारी रचना) ते शोभतं, तो पियानोवादक होरोविट्झच्या बोटांसाठीच लिहिलाय. 'हॉथॉर्न'मध्ये वादकाला थोडा घाम फुटायलाच हवा.