पोलो जीटी टीएसआय: चोर्ल्याच्या वळणांसाठी सस्पेन्शन बदलायचं आहे, सुरुवात कुठून?

टिळकवाडी_टीएसआय

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ७८,००० किमी. सस्पेन्शन सगळं कंपनीचंच, टायर १८५/६० आर १५. रोजचा वापर बेळगाव शहरात, आठवड्यातून एकदा जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, कधी चंदगडवरून आंबोली.

तक्रारी तीन. उतारावर ब्रेक लावत वळणात शिरलं की नाक बाहेरच्या बाजूला ओढतं. वळणाच्या मध्यावर खड्डा आला की पुढचं चाक जागा सोडतं आणि स्टिअरिंग क्षणभर हलकं पडतं. आणि कमी वेगात डाव्या पुढच्या बाजूने टक-टक आवाज.

बजेट ८०-९० हजार. डोक्यात आहे ते असं: आहेत त्याच शॉकअपवर ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मागे जाड स्टॅबिलायझर बार (वळणात गाडी झुकू न देणारी सळई), आणि पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलणारे बोल्ट. दुकानदार कॉइलओव्हरच (स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा संच) घ्या म्हणतोय. क्रम बरोबर आहे का?

---

घाटवळण

क्रम उलटा आहे. आधी आवाज शोधा. टक-टक येते त्या गाडीवर नवीन स्प्रिंगा चढवणं म्हणजे गळक्या छपराला रंग देणं.

या गाडीत पुढून टक-टक आली की संशयित तीन: स्टॅबिलायझरची लिंक, स्ट्रटचं (पुढची स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग, लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) मागचा रबरी बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि दुसऱ्याला बॉनेट उघडून माउंटिंगवर हात ठेवायला सांगा. स्प्रिंग अडकून-अडकून सुटल्यासारखी हाताला लागली तर बेअरिंग गेलं. ब्रेक मारल्यावर नाक एका बाजूला जातं ते बहुतेक आर्मच्या मागच्या बुशमुळे. रबर फाटलं की ब्रेकच्या जोराने आर्म मागे सरकतो, चाकाचा टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलतो आणि गाडी स्वतःच वळायला बघते. तुमची पहिली तक्रार तिथेच निम्मी मिटेल. हा बुश पाहताना नुसता टॉर्च मारून चालत नाही, पहारीने आर्म हलवून बघायचा. चीर दाबाखाली बंद असते, ताण दिला की उघडते.

आता स्प्रिंगा. तुमची दुसरी तक्रार, वळणात खड्डा आला की चाक जागा सोडतं, ही मुळात शॉकअपची आहे. ३५ मिमी खाली केल्यावर ती कमी होणार नाही, वाढेल. कंपनीच्या उंचीवर बंप स्टॉपला (सस्पेन्शन दबलं की शेवटी टेकतो तो रबराचा ठोकळा) टेकेपर्यंत समजा ६० मिमी हालचाल आहे. ३५ खाली बसवली की २५ उरली. वळणात गाडी झुकल्यावर बाहेरचं पुढचं चाक तेवढं सहज दबतं. म्हणजे खड्डा यायच्या आधीच तुम्ही बंप स्टॉपवर बसलेले. तिथे कडकपणा एकदम कित्येक पट होतो, टायरवरचा भार झटक्याने वाढतो, पकड सुटते आणि नाक सरळ जातं. लोक याला ‘अंडरस्टिअर’ म्हणून मागे जाड बार लावत सुटतात. दोष रबराच्या त्या ठोकळ्याचा असतो.

तुमच्या गाडीत खरी हालचाल किती वापरली जाते ते मोजता येतं, खर्च दोन रुपये. पुढच्या स्ट्रटचं धुळीचं रबर वर सरकवा, चकचकीत रॉडवर एक बारीक झिप टाय घट्ट बसवून सीलपर्यंत खाली ढकला, रबर परत जागेवर. चोर्ल्याला जाऊन या. शॉकअपची बॉडी वर येते तशी ती टाय वर ढकलते आणि टाय तिथेच राहते. गाडी सपाट जागी उभी करून सीलपासून टायपर्यंत अंतर मोजा. टाय बंप स्टॉपच्या खालच्या कडेला जाऊन टेकलेली दिसली तर लोअरिंगचा विषय तिथेच संपला.

आकडेही बघा. पुढच्या एका कोपऱ्यावर चाक-ब्रेक सोडून साधारण ३१० किलो धरा. २५ न्यूटन/मिमीची स्प्रिंग असेल तर गाडी वर-खाली झुलण्याची वारंवारिता सुमारे १.४ हर्ट्झ येते, म्हणजे आरामशीर गाडी. ३५ ची टाकली तर १.७. घाटासाठी ही मर्यादा चांगली. दुकानदाराच्या कॉइलओव्हरमध्ये बहुतेक ८ किलो/मिमी, म्हणजे ७८ न्यूटन/मिमीच्या आसपासच्या स्प्रिंगा असतात. त्याने २.५ हर्ट्झ होतात. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ते ठीक, जांबोटीच्या पुढे पावसाळ्यानंतरच्या डांबरावर चाक रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त. विकत घेताना स्प्रिंगचा आकडा विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.

आणि स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर तेवढंच आवरायला शॉकअपचा जोर साधारण १८ टक्के जास्त लागतो. ७८,००० किमी झालेल्या शॉकअपकडे कंपनीचाही जोर उरलेला नसतो. म्हणून आहेत त्याच शॉकअपवर नवीन स्प्रिंगा, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग.

माझं मत: कंपनीच्याच स्प्रिंगा ठेवा किंवा फार तर १५-२० मिमी खाली जाणाऱ्या घ्या, पैसे चांगल्या शॉकअपमध्ये घाला. बिल्स्टाइनचे शॉकअप घेत असाल तर बी६ कंपनीच्या उंचीसाठी आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी, त्यात बॉडी आखूड असते. बी८ वर कंपनीच्या स्प्रिंगा चढवायच्या नाहीत. आखूड शॉकअप त्या उंचीवर जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो आणि चाकाला खाली जायला जागा कमी उरते.

---

उद्यमबाग_फिटर

वरचं सगळं बरोबर. बसवताना काय चुकतं तेवढं सांगतो. अर्ध्या गाड्या चांगले पार्ट घालून बिघडतात.

गाडी वर घ्यायच्या आधी चारी बाजूंना चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये माप घ्या आणि लिहून ठेवा. टायरपासून मापू नका, हवेने फरक पडतो.

पुढचा स्ट्रट या गाडीत हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) गोल कॉलरमध्ये चिमट्यासारखा बसलेला असतो, मागून एक बोल्ट. म्हणून ते कॅम्बर बोल्ट विसरा. ज्या गाडीत स्ट्रट दोन बोल्टांनी हबला जोडलेला असतो तिथे ते चालतात, इथे बसवायला जागाच न्हाई. कॉलर उघडायला स्प्रेडर पाहिजे. छिन्नी ठोकून उघडायलात तर कॉलरला चीर जाते आणि ती दिसत न्हाई. ब्रेकच्या होजची क्लिप आणि एबीएसची वायर आधी मोकळी करा, नाहीतर हब खाली लोंबला की वायर तुटली म्हणून समजा.

वरचा नट इम्पॅक्ट गनने कधी फिरवू नका. रॉड गरागरा फिरतो, सील जळतं, नवा शॉकअप पहिल्या दिवशीच गळायला लागतो. रॉड अ‍ॅलन कीने धरायचा, नट हाताने. स्प्रिंग दाबायला दोन क्लॅम्प समोरासमोर, आळीपाळीने थोडं-थोडं. एका बाजूने जास्त दाबलं की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि सुटली तर जबडा फोडते. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खाचेला नीट लागलं का बघा. बोटभर मागे राहिलं तरी गाडी एका बाजूला उंच दिसते, आणि मग लोक स्प्रिंगला दोष देतात.

माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचं रबर हे सगळं नवीन. परत तीच मजुरी भरायची असेल तरच जुनं घाला. डिग्रीने आवळायचे जे बोल्ट असतात, म्हणजे आधी टॉर्क आणि मग ९० अंश, ते ताणून आवळलेले असतात. एकदा काढले की टाकून द्यायचे. आकडा मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाचा नको.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, काम सोपं. बीमला जॅक लावा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, बीम हळू खाली सोडा, स्प्रिंग हाताने निघते. ब्रेक पाइप आणि हँडब्रेकच्या केबलवर ताण येतो का ते एकाने बघत राहायचं.

आता सगळ्यात मोठी चूक. लोअर आर्मचे आणि मागच्या शॉकअपचे बुशवाले बोल्ट चाक लटकत असताना पक्के आवळतात. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, हबखाली जॅक घालून सुरुवातीला लिहिलेलं माप येईपर्यंत उचला (स्प्रिंगा बदलल्या असतील तर नवीन उंचीचं माप), गाडीला घोड्या (स्टँड) लावलेल्याच ठेवा, आणि मग टॉर्क द्या.

पॉलियुरेथेन बुश घालणार असाल तर सोबत येणारं सिलिकॉन ग्रीसच. आपलं साधं चाकाचं ग्रीस घातलं की खानापूरची तांबडी माती त्यात बसते आणि गाडी दर स्पीडब्रेकरला बैलगाडीसारखी कुरकुरते. रोजच्या गाडीत कंपनीचा रबर बुश नवीन घाला, तेवढं पुरे.

आणि कॉइल कापायचा विषय कोणी काढला तर ऐकू नका. सहा चालत्या वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण कापलेलं टोक बशीत बसत न्हाई, आणि गॅसने कापलं तर तिथलं पोलादाचं पाणी उतरतं. मोडते ती नेमकी तिथूनच.

---

टिळकवाडी_टीएसआय

खूप धन्यवाद. आर्म हलवून बघितला, डावा मागचा बुश अर्धा फाटलाय. उजव्याला बारीक चिरा. लिंकही सैल. म्हणजे आधी हे. मग बी६ आणि कंपनीच्या स्प्रिंगा असं ठरवतोय. मागच्या बारचं आणि अलाइनमेंटचं कोणी सांगेल का? टायर पण सहा वर्षांचे झालेत.

---

निपाणी_४८

सहा वर्षांचे टायर? मग दादा, पहिलं काम टायर. रबर कडक झालं की कोणताही शॉकअप पकड आणून देत नाही. १८५/६० चा व्यास ६०३ मिमी. १९५/५५ आर १५ चा ५९५ येतो, स्पीडोमीटरमध्ये सव्वा टक्क्याचा फरक, पण गाडी जराशी खाली बसते आणि खड्ड्यात रिम लवकर वाजते. १९५/६० घेतले तर ६१५, दोन टक्के मोठे. आपल्या रस्त्यांना मी १८५/६० मध्येच चांगल्या दर्जाचे टायर घेईन, रुंदीसाठी भांडणार नाही. ओल्या रस्त्यावरची पकड बघून निवडा. जून ते सप्टेंबर कणकुंबीत काय पाऊस असतो ते वेगळं सांगायला नको.

अलाइनमेंट: आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फक्त पुढचा टो सरळ करतात आणि पावती देतात. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागा. त्यात मागच्या चाकांचे आकडे असलेच पाहिजेत. ट्विस्ट बीममध्ये मागे सेटिंग नाही, पण मागचा टो डावा-उजवा फार वेगळा असेल तर बीम किंवा स्टब (मागचं चाक बसतं तो आखूड आस) वाकलाय, आणि पुढे कितीही सरळ केलं तरी गाडी तिरकी चालणार. किरकोळ फरक स्टबच्या मागे शिम (पातळ पत्रा) घालून काढता येतो.

पुढे टो शून्य ते प्रत्येक चाकाला ५ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत, इतपत ठेवा. १५ इंची रिमवर १० मिनिटं म्हणजे साधारण १.१ मिमी, अंदाज यावा म्हणून सांगतो. बाहेरचा टो दिला तर गाडी वळणात पटकन शिरते खरी, पण हायवेवर भटकते आणि टायरची आतली कड खाते. कॅम्बर या गाडीत स्ट्रटच्या वरच्या कॅम्बर प्लेटशिवाय फारसा बदलत नाही, सबफ्रेम सरकवून दोन्ही बाजू समान करता येतात एवढंच. समान असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. काम झाल्यावर गाडी २०० किमी चालवा, स्प्रिंगा-रबर बसू द्या, मग अलाइनमेंट. आधी केलीत तर परत करावी लागेल. स्टिअरिंगची मधली जागा बदलली असेल तर त्याच्या सेन्सरचं बेसिक सेटिंग स्कॅनरने करून घ्या, नाहीतर ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) नको तिथे मध्ये पडतं.

मागचा बार सगळ्यात शेवटी, आणि गरज उरली तरच. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० ऐवजी २२ मिमी म्हणजे ‘दोनच मिमी’ नव्हे, ४६ टक्के. मागे कडक केलं की नाक आत येतं हे खरं. तवंदी घाटातल्या लांब वळणांत कोरड्यावर मजा येते. पण ओल्या उतारावर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडलात की मागची बाजू निघते, आणि चोर्ल्यात बाहेरच्या अंगाला दरी आहे. गळीत हंगामात निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या, सांडलेली चिपाडं, तिथेही तेच. रोजच्या गाडीला जरासं अंडरस्टिअर असलेलं बरं.

स्ट्रट ब्रेसवर (दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारा दांडा) पैसे घालू नका. बॉनेट उघडल्यावर छान दिसतो, बस.

---

घाटवळण

एक कागदोपत्री मुद्दा राहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. केए २२ असो की एमएच ०९, कायदा एकच. कंपनीच्या उंचीवर, त्याच मापाचे दुसऱ्या ब्रँडचे शॉकअप म्हणजे बदली भाग. ३५ मिमी खाली बसलेली गाडी मात्र नजरेत भरते, आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरच्याही. शॉकअपचं बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला मेलवर कळवून टाका.

बी६ बसवल्यावर गॅसच्या दाबाने गाडी काही मिमी वर आल्यासारखी वाटेल. घाबरू नका. पण हेडलाइटची उंची तपासा, घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर जाते. आणि झिप टाय बी६ च्या पुढच्या स्ट्रटवर लावायला जाऊ नका. उलटा मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकअप, उलटा बसवलेला) असेल तर रॉड आत असतो, बाहेर दिसते ती बॉडी. मोजायचंच असेल तर मागच्या शॉकअपवर लावा.

---

उद्यमबाग_फिटर

आर्म काढणारच आहात तर बॉल जॉइंट हाताने फिरवून बघा. रबर फाटलेलं दिसलं तर त्याच वेळी बदला, परत आर्म उतरवायची मजुरी वाचते. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच घाला, एक नवा आणि एक जुना ठेवलात तर ब्रेकला गाडी जुन्या बाजूला ओढणार. बुश प्रेसवर बसवायचा, हातोड्याने न्हाई. आणि काढायच्या आधी जुन्या बुशची दिशा मार्करने आर्मवर आखून ठेवा. आतले पोकळ गाळे ठरावीक बाजूलाच यायला पाहिजेत.