अर्धा मिनिट उशीर म्हणजे 230 किमी!

वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की वडोदऱ्याच्या कारेलीबागेतल्या गच्चीवरून बघताना अंतराळ स्थानक ॲपच्या वेळेपेक्षा अर्धा मिनिट उशिरा आलं, म्हणजे अमेरिकेचा टीएलई डेटाच (उपग्रहाची कक्षा सांगणारे दोन ओळींतले आकडे) भोंगळ. घाई होतेय असं वाटतं. स्थानक सेकंदाला साधारण 7.7 किमी जातं, तेव्हा अर्धा मिनिट म्हणजे 230 किमी झाले. ताज्या टीएलईची चूक एखाद्या किमीची असते आणि खालच्या कक्षेत ती रोज एक ते तीन किमीनं वाढते. तुमच्या ॲपनं शिळा डेटा धरला असणार, नाहीतर मधेच स्थानकाची कक्षा उचलली असेल.

टीएलईच्या पहिल्या ओळीतला इपॉक, म्हणजे ते आकडे कोणत्या क्षणाचे आहेत ते, बघा. उदाहरणार्थ, 24131.5 म्हणजे 2024 चा 131वा दिवस, 10 मे, दुपारी बारा, तेही यूटीसी, म्हणजे जागतिक वेळेनुसार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. (त्याच रात्री मोठं सौर वादळ आलं, वरचं वातावरण फुगलं, उपग्रहांना हवेचा अडथळा वाढला, आणि त्या दुपारचा टीएलई धरून बसलेल्यांचं गणित चुकलं.)

टक्कर टाळायला मात्र हा डेटा अपुराच, हे मान्य. 10 फेब्रुवारी 2009 ला इरिडियम 33 आणि कॉसमॉस 2251 या उपग्रहांमध्ये टीएलईनुसार 584 मीटर अंतर राहणार होतं. ते आदळले.

आणि गुजरातेत आणंदला मे 2022 मध्ये आकाशातून धातूचे गोळे पडले तेव्हा 'आधी का नाही सांगितलं' अशी ओरड झाली होती. कसं सांगणार? पडायच्या आदल्या दिवशीच्या अंदाजातसुद्धा काही तासांची चूक असते, आणि तेवढ्यात पृथ्वीला दोन-तीन फेऱ्या होतात.