पावसाळ्यात कास्टिंगचे रिजेक्शन वाढते : पुरवठादार बदलावा का?

प्रश्न : खरेदी विभाग, भोसरी

नमस्कार. आमच्याकडे पंपाच्या बॉडीचे मशिनिंग होते. त्यासाठी लागणारी एफजी २६० दर्जाची (करड्या बिडाची एक प्रत), साडेसहा किलो वजनाची कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले नग) आम्ही गेली सहा वर्षे कोल्हापूरच्या एकाच फाउंड्रीकडून घेत आहोत. एरवी त्यांच्याविषयी फारशी तक्रार नसते, मात्र पाऊस सुरू झाला की दरवर्षी हीच रड असते. मागच्या महिन्यात ४०० नगांच्या लॉटमधले ४४ नग मशिनवर चढल्यावर बाद झाले. माल उतरवून घेताना आम्ही आयएस २५०० (नमुना तपासणीचे भारतीय मानक) च्या तक्त्याप्रमाणे ५० नग काढून मापे आणि पृष्ठभाग तपासतो. एक सदोष निघाला तरी लॉट घेतो, दोन निघाले तर परत पाठवतो. या लॉटमधल्या ५० नगांत एकही दोष दिसला नव्हता. पहिला कट घेतल्यावर ब्लो होल (धातूच्या आतली पोकळ भोके) उघडे पडले.

फाउंड्री कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा करण्याची चिठ्ठी) निमूटपणे मान्य करते, परंतु प्रत्येक नगावर वाया गेलेल्या सुमारे ४५० रुपयांच्या मशिनिंगचा विषय काढला की पुढे बोलणेच होत नाही. दुसरा एक पुरवठादार किलोमागे चार रुपये कमी दराने द्यायला तयार आहे आणि आमच्या साहेबांचा कल तिकडे आहे. अशा वेळी आपण काय केले असते?

उत्तर १ : फाउंड्री चालक, शिरोली

दोषाचे मूळ शोधण्याआधी पुरवठादार बदलू नका, कारण पाऊस त्या दुसऱ्याच्या शेडवरही पडणार आहे. बाद नगांपैकी पाच-सहा नग भोकातून आडवे कापा आणि उजेडात धरून पाहा. भोकाची आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर तो अडकलेला वायू आहे. आत वाळूचे कण चिकटलेले असतील तर मोल्ड (वाळूचा साचा) किंवा कोअर (आतली पोकळी राखण्यासाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) ढासळली आहे. पृष्ठभाग खडबडीत, झाडाच्या फांद्यांसारखा दिसत असेल तर ते श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी) आहे, आणि त्याचा पावसाशी संबंध नाही. तेथे गेटिंग (धातू साच्यात जाण्याच्या वाटा) आणि रायझर (आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा जादा साठा) पाहावे लागेल. आमच्याकडे परत येणाऱ्या मालाच्या चलनावर बहुधा ‘ब्लो होल, ४४ नग’ एवढेच लिहिलेले असते. त्यावरून आम्ही काय शोधायचे, ते सांगा! ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर प्रत्येक भोकाची जागा लाल पेनाने खूण करून पाठवलीत तर आमचे निम्मे काम होते. सगळ्या खुणा कोअरच्या बाजूला आल्या तर कोअरने रात्रभर दमट हवा शोषली, असा संशय आधी घ्यावा. खुणा वरच्या भागात असल्या तर वाळूतला ओलावा, वायू बाहेर पडण्याच्या वाटा आणि ओतण्याचे तापमान तपासावे. एकाच लॅडलमधून (धातू ओतण्याच्या भांड्यातून) बरेच मोल्ड भरले तर शेवटच्या मोल्डांना धातू थंडच मिळतो.

थोडे आमच्या बाजूनेही लिहितो. महिन्याचे शेड्यूल ४०० नगांचे द्यायचे आणि पाच तारखेला ‘२५० नग परवा पाहिजेत’ असा फोन करायचा, मग कोअर वाळायला वेळ कुठून आणायचा?

उत्तर २ : गुणवत्ता विभाग, चाकण

वरील उत्तराशी सहमत आहे. आपली तपासणी चुकीची नव्हती. जो दोष कातडीखाली आहे, तो मापे घेऊन आणि वरून पाहून सापडणार नाही, मग ५० ऐवजी ८० नग काढले तरी फरक पडणार नाही. म्हणून लॉटसोबत टेस्ट सर्टिफिकेटच्या जोडीला त्या दिवसाचे वाळूतल्या ओलाव्याचे आणि ओतण्याच्या तापमानाचे आकडे मागा. एकट्या सर्टिफिकेटवर मी विसंबत नाही, कारण केवळ तारीख बदललेली तीच प्रत तीन लॉटसोबत आलेली मी स्वतः पाहिली आहे. हीट नंबर (भट्टीतल्या एका वेळच्या वितळणीचा क्रमांक) कास्टिंगवरच उमटलेला असावा. तो नसेल तर ४४ बाद नग एका हीटचे की चार हीटचे, हे कळणार नाही आणि उरलेल्या ३५६ नगांविषयीही खात्री देता येणार नाही.

उत्तर ३ : खरेदी सल्लागार, पुणे

चार रुपयांचा हिशेब साहेबांपुढे कागदावर मांडा. किलोमागे चार रुपये म्हणजे नगामागे २६ आणि ४०० नगांच्या लॉटमागे १०,४०० रुपये वाचतात. याच लॉटमध्ये बाद नगांवर वाया गेलेले मशिनिंग १९,८०० रुपयांचे आहे. नवीन पुरवठादाराचे रिजेक्शन किती असेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. शिवाय पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) हलवणे, चाचणीचे नग आणि पहिल्या नगाची मंजुरी यांत महिने जातात. तरीही दुसरा स्रोत तयार ठेवावा, पण तो मार्चमध्ये, ऐन पावसात नव्हे.

एक कायदेशीर बाब लक्षात ठेवा. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरले जाते, आणि लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत तेव्हापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. फोनवर केलेली तक्रार ही लेखी हरकत नव्हे. आपला माल महिनाभर गोदामात पडून मग मशिनवर जात असेल, तर प्रत्येक लॉटमधले काही नग पहिल्याच आठवड्यात कट घेऊन पाहण्याची सोय करा. मशिनिंगनंतर उघड झालेल्या दोषाची भरपाई कोणी, किती आणि किती दिवसांत करायची, हे पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्ये दर ठरवतानाच लिहून घ्या. नुकसान झाल्यावर ते कलम कोणी मान्य करत नाही.

प्रश्नकर्ता : खरेदी विभाग, भोसरी

सर्वांचे आभार. काल सहा नग कापले. पाच नगांतली भोके गुळगुळीत आणि कोअरच्या बाजूला आहेत. सहाव्यात वाळू सापडली. खुणा केलेले ड्रॉइंग फाउंड्रीला पाठवले, तेव्हा तयार कोअर रात्रभर शेडच्या उघड्या बाजूला ठेवल्या जातात, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. पुढच्या लॉटपासून कोअर गरम करूनच मोल्डमध्ये बसवण्याचे त्यांनी मान्य केले आहे; आम्ही शेड्यूल दहा दिवस आधी निश्चित करून देणार आहोत आणि प्रत्येक लॉटचे २० नग आल्या आल्या मशिनवर घेणार आहोत. मशिनिंगच्या खर्चापैकी निम्मा भार उचलण्यापर्यंत ते आले आहेत. साहेबांना पूर्ण रक्कम हवी आहे, त्यामुळे तेवढी बोलणी बाकी आहेत.