कंडोमिनियममधील सदनिका घ्यावी की सोसायटीतली?

कृष्णाकाठ (धागालेखक)
आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून मुलीजवळ राहता यावे म्हणून कराडचे घर विकून कोथरूडला वन बीएचके घेण्याच्या विचारात आहोत. पसंत पडलेली सदनिका सोसायटीतली नाही. ती इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालचे कंडोमिनियम आहे, म्हणजे तिथे संस्थेऐवजी प्रत्येक सदनिकाधारक थेट मालक असतो. एकूण २४ सदनिकांपैकी १६ वन बीएचके आणि ८ थ्री बीएचके आहेत. इमारतीच्या घोषणापत्रात लहान सदनिकेचा अविभक्त हिस्सा (जमीन आणि सामाईक जागांतला वाटा) ३ टक्के आणि मोठीचा साडेसहा टक्के लिहिला आहे. दलालाच्या मते सोसायटी आणि कंडोमिनियममध्ये काहीच फरक नाही, पण मला ते पटत नाही. आमच्यासारख्यांनी ही सदनिका घ्यावी का?

हिशेबनीस
अवश्य घ्यावी. सोसायटीत सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे असते, तर कंडोमिनियममध्ये सामाईक खर्च हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. इमारतीचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये धरला, तर सारख्या वाटणीने आपल्याला २,५०० रुपये द्यावे लागले असते, हिश्श्याने १,८०० द्यावे लागतील. निवृत्तिवेतनावर घर चालवताना वर्षाला ८,४०० रुपये ही लहान रक्कम नाही. शिवाय अपार्टमेंट डीड या नोंदणीकृत मालकी दस्तामुळे जमिनीतला हिस्सा थेट आपल्या नावावर येतो. सोसायटीत जमीन संस्थेच्या नावावर व्हावी लागते, आणि मानीव अभिहस्तांतरणासाठी (विकसक जमीन नावावर करून देत नाही तेव्हा ती सरकारी आदेशाने करून घेण्यासाठी) वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारे पदाधिकारी मी जवळून पाहिले आहेत.

गच्चीखालचा मजला
हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. ज्या हिश्श्याने खर्च वाटला जातो, त्याच हिश्श्याने मतेही मोजली जातात. सोसायटीत एका सभासदाला एक मत असल्यामुळे सोळा वन बीएचके एकत्र आले तर ठराव त्यांचा होतो. आपल्या इमारतीत मात्र आठ थ्री बीएचके मिळून ५२ टक्के होतात, आणि या अधिनियमात बहुमत म्हणजे ५१ टक्के मते. आमच्याकडची मांडणी जवळजवळ अशीच आहे. गच्ची गळू लागली तेव्हा वॉटरप्रूफिंगच्या खर्चाला खालच्या मजल्यांवरच्या मोठ्या सदनिकांनी सलग दोन सभांत नकार दिला. त्या पावसाळ्यात गिलाव्याचे ओले पोपडे उशीवर पडू लागल्यामुळे आम्ही पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला आणि चार महिने तसेच झोपलो. कराडचे घर विकून आलेले पैसे बँकेत ठेवा आणि मुलीच्या शेजारी भाड्याने राहा, असे मी कळकळीने सांगेन.

माजी सचिव
मी दहा वर्षे एका सोसायटीची सचिव होते, म्हणून वरच्या प्रतिसादाशी सहमत होता येत नाही. आमच्याकडे प्रत्येकाला एकच मत होते, तरीही गच्चीचे काम तीन वर्षे रखडले, कारण वरच्या मजल्यावर चारच घरे होती आणि बाकीच्यांना ते गळणारे पाणी दिसत नव्हते. उतारवयात दर अकरा महिन्यांनी करार संपताना घरमालकाच्या फोनची धास्ती बाळगणे मला तरी गळक्या गच्चीपेक्षा बरे वाटत नाही.

सोसायटीची एक जमेची बाजू मात्र मान्य केली पाहिजे: थकबाकीदाराविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे बाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश, मिळवता येतो. कंडोमिनियममध्ये थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा सदनिकेवर राहतो आणि विकत घेणाराही विक्रेत्याइतकाच त्याला जबाबदार ठरतो, त्यामुळे व्यवहारापूर्वी असोसिएशनकडून बाकीचे लेखी पत्रक घ्याच. गेल्या तीन वर्षांची सभावृत्तेही वाचा.

गच्चीखालचा मजला
भाड्याबद्दलचा आपला मुद्दा मी नाकारत नाही. तरीही घरमालकाशी पटले नाही तर दुसरे घर शोधता येते. ५२ टक्क्यांशी पटले नाही तर घरच विकावे लागते, आणि तेव्हा छताचे डाग ग्राहकालाही दिसतात.

कृष्णाकाठ
सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल सभावृत्ते वाचली. लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव मोठ्या सदनिकांनीच मांडून पहिल्या सभेत मंजूर केलेला दिसला, त्यामुळे मतांची भीती थोडी कमी झाली. मात्र कागद तपासताना वेगळीच गोष्ट पुढे आली: विक्रेत्याकडे विकसकाशी झालेला नोंदणीकृत करारनामा आहे, पण अपार्टमेंट डीड झालेलेच नाही. ज्या ३ टक्क्यांवर आपण एवढी चर्चा केली, ते अजून विक्रेत्याच्याच नावावर आलेले नाहीत. ते डीड नोंदवून हातात येईपर्यंत इसार देणार नाही, असे आज सकाळी दलालाला कळवले आहे.